संगणकातील वहीच्या नकला : त्यांची यादी आणि पारख

व्यापाऱ्याचे भांडवल तिजोरीत असते असे बाहेरच्या मनुष्यास वाटते. ते वहीत असते हे व्यापाऱ्यास ठाऊक आहे. तिजोरीतील रोकड घटकाभरात मोजून होते. परंतु भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि आळंद या टापूंतील कोणत्या शेतकऱ्याची उचल किती, कोणाच्या पट्टीचे देणे राहिले, कोणत्या डाळ गिरणीकडे किती दिवसांची उधारी थकली, गोदामात तुरीची किती पोती कोणाच्या नावे पडून आहेत, हे वहीवाचून कोणासही सांगता यावयाचे नाही. ती वही आता बहुतेक दुकानांत संगणकात गेली आहे. बंगळूरच्या गोयंका पितापुत्रांनी १९८६ साली ज्या कंपनीचा पाया घातला, तिचा टॅली हा हिशेबाचा कार्यक्रम आज बीदरच्या गांधी गंजात आणि कलबुर्गीच्या नेहरू गंजात लहान अडत्याच्या गादीजवळही चालू असलेला दिसतो. वही संगणकात गेली, त्याबरोबर तिच्यावरील संकटेही पालटली. वाळवी, उंदीर आणि गळके छप्पर यांची जागा आता बिघडलेल्या हार्ड डिस्कने, अकस्मात जाणाऱ्या विजेने आणि रॅन्समवेअर नावाच्या खंडणीखोर कार्यक्रमाने घेतली आहे.

या संकटांवर उपाय म्हणून संगणकातील हिशेबाची नक्कल घ्यावी लागते. हिलाच सर्वजण बॅकअप म्हणतात. “आपल्याकडे बॅकअप आहे काय?” असे कोणत्याही दुकानी विचारले असता मुनीमजी तत्काळ “आहे” असे उत्तर देतात. आमचे म्हणणे एवढेच, की हे उत्तर पुरेसे नाही. किती नकला आहेत, कोणत्या तारखेच्या आहेत, कोठे आहेत आणि त्यांतून वही खरोखर पुन्हा उभी राहते काय, या चार प्रश्नांची उत्तरे मालकास स्वतः देता आली पाहिजेत. ती उत्तरे मिळविण्याची साधने आपल्या प्रत्येकाच्या संगणकात आधीच बसविलेली असून त्यांस एक पैसाही पडत नाही. त्यांचीच माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे.

नकलेची पारख हा विचार आपल्या पेशास नवा नाही. हुंडीचा व्यवहार ज्या काळी जोरात होता, त्या काळी हुंडी वाटेत गहाळ झाली तर हुंडी लिहिणारा पेढीवाला ‘पैठ’ म्हणजे दुसरी प्रत लिहून देत असे, आणि तीही हरवली तर ‘परपैठ’ म्हणजे तिसरी. परंतु पैठ ही नुसती नक्कल नसे. मूळ हुंडी अमुक मितीस अमुक रकमेची लिहिली होती, तिचे पैसे चुकते झाले नसतील तरच हिच्यावर द्यावे, असा खुलासा तीत असे. म्हणजे कोणती प्रत कशाची आणि कोणत्या दिवसाची, हे प्रतीवरूनच कळावे अशी ती व्यवस्था होती. ज्या नकलेची तारीख व मूळ कळत नाही, ती नक्कल जुन्या पेढ्यांवर कोणी स्वीकारली नसती. आज आपण मात्र पेनड्राइव्हमध्ये काय आहे हे न पाहता तो कपाटात कुलूपबंद करतो.

कायद्याचे म्हणणेही याच अर्थाचे आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याच्या नियमांतील ५७ वा नियम असे सांगतो, की इलेक्ट्रॉनिक नोंदींची नक्कल अशा रीतीने राखली पाहिजे, की अपघाताने अथवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्यास वाजवी मुदतीत ती माहिती पुन्हा उभी करता यावी. येथे नुसती नक्कल घ्या असे म्हटलेले नाही. माहिती पुन्हा उभी राहिली पाहिजे असे म्हटले आहे. वहीखाते राखण्याची मुदत त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने आहे. ज्या सभासदांच्या पेढ्या कंपनी म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीने दररोजची नक्कल भारतातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक झाले. शिवाय २ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने तूर व उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा घातली, तेव्हा घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येक कडधान्याचा २०० मेट्रिक टन साठा ठरवून दिला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो काही काळ ५० टनांवर आणला गेला. अशा दिवसांत अमुक तारखेस तुमच्या गोदामात किती माल होता, हा प्रश्न अधिकारी विचारतो. त्या वेळी संगणक बिघडला आहे, हे उत्तर होऊ शकत नाही.

आमच्या परिचयाच्या एका अडत दुकानाची हकीकत येथे सांगणे उपयुक्त होईल. तुरीची आवक भरात असताना त्यांच्या संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली. दररोज सायंकाळी दुकान बंद होताना नक्कल आपोआप निघत असे, आणि बाहेरच्या डिस्कवर एकतीस दिवसांच्या एकतीस नकला नांदत होत्या. त्यामुळे घरातील मंडळी निश्चिंत होती. परंतु नक्कल उघडली तेव्हा तीत हिशेब दिवाळीपर्यंतचाच निघाला. दुसरी उघडली, तिसरी उघडली, सर्वांत तेच. दिवाळीनंतर हिशेबाचे फोल्डर संगणकात दुसऱ्या जागी हलविले होते, आणि नक्कल काढणारी व्यवस्था मात्र जुन्या जागेचीच नक्कल रोज इमानाने काढीत राहिली होती. पुढे काटापट्ट्या, बँकेचे उतारे आणि हमालांच्या टिपणवह्या जुळवून अडीच महिन्यांचा हिशेब पुन्हा लिहावा लागला. कित्येक शेतकऱ्यांनी मालाची रक्कम लग्नकार्यासाठी दुकानीच ठेवली होती. तिला कागद कोणताच नव्हता. मालकांनी शेतकऱ्यांच्या शब्दावर रकमा दिल्या आणि पेढीचे नाव राखले. ही गोष्ट त्यांस भूषणावह आहे. परंतु तो प्रसंग टाळता आला असता. त्या एकतीस नकलांची यादी कोणी एकदा वाचली असती, तर सर्वांचे आकारमान शेवटच्या अंकापर्यंत एकसारखे आहे, हे दिसले असते. रोज शंभर पट्ट्या लिहिणाऱ्या दुकानाची वही महिनाभर तसूभरही वाढत नाही, हे कसे?

आता ही यादी कशी काढावी ते सांगतो. संगणकात चित्रांवर बोट ठेवून काम करण्याची रीत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याहून जुनी अशी दुसरी एक रीत आहे. तीत काळ्या खिडकीत शब्द लिहून आज्ञा द्यावयाची असते. हिला कमांड लाइन म्हणतात. विंडोज प्रणालीच्या शोधपेटीत सी, एम, डी ही तीन अक्षरे लिहिली म्हणजे ती खिडकी उघडते. तीत ‘डिर’ ही आज्ञा, म्हणजे डी, आय, आर ही तीन अक्षरे, लिहून पुढे नकलांच्या फोल्डरचा पत्ता दिला, की तेथील प्रत्येक फाइलची तारीख, वेळ, आकारमान आणि नाव ओळीने छापले जाते. त्याच आज्ञेपुढे तिरपी रेघ, ओ, वजाचे चिन्ह आणि डी अशी पुस्ती जोडली, तर सर्वांत ताजी नक्कल सर्वांत वर येते. तिरपी रेघ व एस ही पुस्ती जोडली, तर आतील सर्व फोल्डर धुंडाळून शेवटी एकूण फाइली व एकूण आकारमान यांची बेरीजही मिळते. ज्यांची नक्कल म्हणजे हिशेबाचे संपूर्ण फोल्डरच असते, त्यांस ही बेरीज फार उपयोगाची आहे.

चित्रांची सोपी रीत सोडून हा खटाटोप का, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे, की चित्रांच्या खिडकीत आकारमान बहुधा गोळाबेरजेने दिसते. आज्ञेने काढलेल्या यादीत ते शेवटच्या अंकापर्यंत दिसते. दुसरे असे, की आज्ञेच्या शेवटी ‘पेक्षा मोठे’ हे गणिती चिन्ह व एखाद्या फाइलचे नाव लिहिले, तर संपूर्ण यादी त्या फाइलीत उतरते. मग ती छापून काढता येते, मागील महिन्याच्या यादीशेजारी ठेवून ताडून पाहता येते, आणि कोणी काय पाहिले याचा पुरावाही राहतो. तोंडी सांगितलेला साठा आणि सहीनिशी लिहिलेला साठा यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. आणखी एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो : ‘डिर’ ही आज्ञा केवळ दाखविते, ती काही पुसत नाही अथवा बदलत नाही. म्हणून वयस्क मंडळींनीही ती निर्धास्तपणे चालवावी.

यादी हाती आल्यावर ती पुढीलप्रमाणे वाचावी. प्रथम तारखा पाहाव्या. रविवार व सणाच्या सुट्या वगळता मध्येच दिवस गळला असल्यास कारण विचारावे. काही संगणकांत महिना आधी व दिवस मागाहून छापला जातो, हे ध्यानात ठेवावे. नाही तर ३ एप्रिलची नक्कल ४ मार्चची वाटावयाची. नंतर आकारमान पाहावे. चालत्या दुकानाच्या नकलेचे आकारमान हळूहळू वाढत गेले पाहिजे. शून्य असेल तर ती नक्कलच नव्हे. एकाएकी अर्धे झाले असेल तर नक्कल अपुरी राहिल्याचा संशय घ्यावा. दीर्घकाळ एकच राहिले असेल तर वर सांगितलेली हकीकत आठवावी. नवे आर्थिक वर्ष वेगळे केले असता एप्रिलमध्ये आकारमान घटणे स्वाभाविक आहे. तिसरी गोष्ट वेळेची. दुकानात कामकाज चालू असताना मध्यान्ही घेतलेल्या नकलेत अर्धवट लिहिलेली नोंद सापडण्याचा संभव असतो. हिशेबाचा कार्यक्रम सर्व संगणकांवर बंद करून घेतलेली नक्कल बरी. चौथी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. जुनी फाइल आज दुसऱ्या डिस्कवर उतरविली तरी ‘डिर’ तिची जुनीच तारीख दाखविते, कारण फाइलीत शेवटचा बदल केव्हा झाला तेच ती सांगते. फाइल त्या जागी केव्हा आली हे पाहावयाचे असल्यास तिरपी रेघ, टी, विसर्गचिन्ह व सी अशी पुस्ती जोडावी. दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या म्हणजे ताजी नक्कल कोणती आणि जुन्याच मालास नवे पोते कोणते, ते उघड होते.

यानंतर जागेचा प्रश्न. सी आणि डी ही दोन नावे पाहून कित्येकांस त्या दोन निरनिराळ्या डिस्क वाटतात. अनेक संगणकांत ती एकाच डिस्कची दोन दालने असतात; घर पडले तर दोन्ही खोल्या पडणार. म्हणून निदान एक नक्कल वेगळ्या डिस्कवर आणि एक दुकानाबाहेर असावी. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या पुराने कलबुर्गी जिल्ह्यातील काठची गावे पाण्याखाली गेली, तेव्हा दुकानातील संगणक आणि त्याच मेजाच्या खणातील पेनड्राइव्ह यांचे भवितव्य एकच होते, हे निराळे सांगावयास नको.

नकला अनेक असल्या तरी त्या एकमेकींशी जोडलेल्या असल्या तर काय होते, याचे उदाहरण आपल्या धंद्याशी निगडित अशा न्हावा-शेवा बंदराने दाखविले आहे. परदेशची तूर व अन्य कडधान्ये ज्या बंदरांतून देशात येतात, त्यांपैकी हे एक प्रमुख बंदर होय. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या विध्वंसक कार्यक्रमाने जगभर थैमान घातले. त्यात मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या संगणकांवर घाला पडला आणि तिच्या समूहाकडून चालविली जाणारी न्हावा-शेव्याची एक गोदी बंद पडली. कोणत्या संगणकास व कोणत्या मनुष्यास काय अधिकार, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर त्या कंपनीकडे होते. ते परस्परांची नक्कल सतत ठेवीत असल्याने निराळ्या नकलेची गरज कोणास भासली नव्हती. पण ते सर्व एकाच जाळ्यात असल्याने सर्वच एकाच वेळी नष्ट झाले. वाचला तो आफ्रिकेतील घाना देशातला एकच. कारण त्या वेळी तेथे वीज गेली होती आणि तो जाळ्यातून सुटलेला होता. तेथील डिस्क नायजेरियामार्गे विमानाने इंग्लंडला हातोहात नेण्यात आली, तेव्हा पुनर्रचना सुरू झाली. पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितले. तात्पर्य, काम झाल्यावर बाहेरची डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. सदैव जोडलेली नक्कल मूळ वहीबरोबरच बाधित होते.

बाहेर नेलेली नक्कल वाटेत बिघडली नाही ना, हे पाहण्यासही साधन आहे. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ नावाची आज्ञा आहे. तीपुढे ‘हॅशफाइल’ ही पुस्ती, फाइलचे नाव आणि ‘शा २५६’ ही पद्धत लिहिली असता ६४ अक्षरांचा एक ठसा मिळतो. फाइलीत एका अक्षराचा जरी फरक पडला तरी ठसा समूळ बदलतो. दुकानातील नकलेचा ठसा आणि घरी नेलेल्या नकलेचा ठसा ताडून पाहावे. जुळले तर दोन्ही एकच. मात्र यावरून नक्कल मुळाबरहुकूम उतरली एवढेच सिद्ध होते. मूळच सदोष असेल तर ठसा ते सांगत नाही.

ज्या डाळ गिरण्यांत व मोठ्या पेढ्यांत डेटाबेस सर्व्हर बसविलेले आहेत, तेथे याहून समर्थ आज्ञा उपलब्ध आहेत. त्या चालविणारा माणूस निराळा असला, तरी मालकाने त्यांची नावे व अर्थ जाणून घ्यावे. ऑरॅकल प्रणालीत ‘आरमॅन’ या साधनास ‘लिस्ट बॅकअप’ म्हटले की नोंदवहीतील नकलांची यादी निघते. परंतु ही यादी म्हणजे साठा रजिस्टर होय. गोदामातील पोती नव्हेत. म्हणून ‘क्रॉसचेक’ ही दुसरी आज्ञा द्यावी. ती नोंदलेली प्रत्येक नक्कल जागेवर आहे काय ते पाहते. जी सापडली ती ‘अव्हेलेबल’, जी सापडली नाही ती ‘एक्स्पायर्ड’ असा शेरा मारते. नक्कल जुनी झाली असा त्या शेऱ्याचा अर्थ नसून जागेवर नाही असा आहे, हे लक्षात ठेवावे. सीक्वेल सर्व्हरमध्ये ‘रिस्टोअर हेडरओन्ली’ ही आज्ञा नक्कल कोणत्या डेटाबेसची, केव्हा सुरू होऊन केव्हा संपली, पूर्ण आहे की केवळ फरकाची, हे सांगते. ‘रिस्टोअर व्हेरिफायओन्ली’ ही ती नक्कल वाचता येण्याजोगी व अखंड आहे काय ते पाहते. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी-रिस्टोअर’ या आज्ञेस यादीची पुस्ती दिली असता नकलेत कोणकोणते तक्ते आहेत ते कळते. परंतु यांपैकी कोणतीही आज्ञा आतील हिशेब बरोबर आहे अशी हमी देत नाही. पोती मोजली म्हणजे धान्य पाहिले असे होत नाही. त्यासाठी पोत्यात पोकळ सळई खुपसून दाणे तळहातावर घ्यावेच लागतात.

मोठमोठ्या तज्ज्ञांसही ही सळई खुपसण्याचा विसर पडतो. गिटलॅब ही जगभरच्या संगणक-कारागिरांचे काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका कर्मचाऱ्याकडून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. नकलेच्या नाना व्यवस्था होत्या. पण पाहू गेले असता रोजच्या नकलांची जागा रिकामी निघाली. नक्कल काढणारे साधन डेटाबेसहून जुन्या आवृत्तीचे असल्याने ते रोज निष्फळ होत होते, आणि तशी सूचना देणारी टपालही वाटेतच नाकारली जात होती. दुसऱ्या कामासाठी योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक नक्कल होती. तिच्यावर ती कंपनी उभी राहिली. त्यांनी ही सारी हकीकत लपवून न ठेवता जगापुढे मांडली, हे त्यांचे मोठेपण. त्यातून घ्यावयाचा बोध असा, की नक्कल निघाली नाही तर आपणांस कोणी कळवील, या भरवशावर राहू नये. आपण होऊन यादी पाहावी.

शेवटची आणि खरी परीक्षा म्हणजे नकलेतून वही उभी करून पाहणे. हे काम दुसऱ्या संगणकावर अथवा निदान निराळ्या फोल्डरात करावे. चालू वहीवर जुनी नक्कल कधीही उतरवू नये, कारण तसे केल्यास आजचा हिशेब पुसून कालचा बसेल. वही उभी राहिल्यावर तीन आकडे जुळवावे : त्या दिवसाची रोख शिल्लक, कोणत्याही एका शेतकऱ्याच्या खात्याची बाकी, आणि गोदामातील तुरीची पोती. हे आकडे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवलेले असावे. तिन्ही जुळले तर ती नक्कल खरी. या परीक्षेस किती वेळ लागला तेही टिपून ठेवावे. नियमातील ‘वाजवी मुदत’ म्हणजे आपल्या दुकानापुरती किती, ते त्यावरून समजेल.

आमची सूचना अशी, की प्रत्येक सभासदाने महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी नकलांची यादी छापून घ्यावी, मालकाने ती स्वतः वाचून तारीख घालून सही करावी, आणि एका जाड वहीत ओळीने चिकटवावी. तीन महिन्यांतून एकदा एक नक्कल उभी करून वरील तीन आकडे त्याच पानावर लिहावे. हे काम एकट्या मुनीमजींवर टाकू नये. मुनीमजी कितीही विश्वासू असले तरी नक्कल काढणारा आणि नक्कल तपासणारा निराळा असावा; काटा करणारा आणि पट्टी लिहिणारा आपण निराळा ठेवतो, त्यातलाच हा प्रकार आहे. घरातील मुलगा, मुलगी अथवा सून वाणिज्य शाखेची पदवीधर असेल, तर तिच्याकडे हे तपासणीचे काम सोपवावे. बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील आपल्या पेढ्यांवर शेतकरी आपली रक्कम पावतीवाचून ठेवतो, ती आपल्या वहीवरील विश्वासाने. ती वही पुन्हा उभी करता येते, हे त्यास सांगण्याची वेळ येऊ नये. परंतु आलीच, तर ते दाखविता आले पाहिजे. येत्या पाडव्यास नव्या वहीचे पूजन होईल, त्या वेळी अशी सही केलेली पहिली यादी तिच्याशेजारी ठेवावी, एवढी सर्व सभासद बंधुभगिनींस विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.